आधी वही, मग ताट: मधुमेहात घरी साखर मोजण्याचा आणि जेवण बसवण्याचा १४ दिवसांचा क्रम

मुलुंडला आमच्या इमारतीत महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठ मधुमेही आपापल्या वह्या घेऊन बसतो. मला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली, म्हणून वह्या बघायचं काम माझ्याकडे आलंय. मेहनतीत कोणी कमी पडत नाही. गोड सुटलेलं असतं, कारल्याचा रस चालू असतो, पहाटे फेऱ्या मारून होतात. चुकतो तो क्रम. आधी जेवण बदललं जातं, मग आठवण झाली की कधीतरी साखर मोजली जाते, आकडा बघून धसका घेतला जातो आणि जेवण पुन्हा बदललं जातं. महिनाअखेरीस वहीत तीस आकडे जमतात, पण कशाने साखर वाढली ते त्यातल्या एकावरूनही कळत नाही.

खालचा क्रम १४ दिवसांचा आहे आणि त्याला साखर मोजायच्या मीटरच्या २५ स्ट्रिपची (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांची) एक डबी पुरते. टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा. दुसरा टप्पा तर अजिबात गाळू नका.

थांबा: गरोदर बायका, लहान मुलं, टाइप १ मधुमेह असलेले आणि किडनीचा आजार असलेले यांनी हा क्रम आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. गरोदरपणात मर्यादा खूप कडक असते, साधारणपणे उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत (या लेखातले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे mg/dL मध्ये आहेत). किडनीच्या आजारात डाळ, नारळपाणी आणि फळं यांचा हिशेबच वेगळा असतो.

## टप्पा १: आपले आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या

लॅबच्या रिपोर्टवर बाजूला जो ‘नॉर्मल’ आकडा छापलेला असतो, तो मधुमेह नसलेल्या माणसाचा असतो. उपाशीपोटी १०० च्या आत, वगैरे. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) ७ टक्क्यांच्या आत, असं ध्येय ठेवतात. वय जास्त असेल, हृदयविकार असेल किंवा साखर वारंवार उतरत असेल, तर डॉक्टर मुद्दाम सैल ध्येय देतात. आमच्या एका काकूंना ७८ व्या वर्षी उपाशीपोटी ९० हवी होती, कारण मुलीच्या रिपोर्टवर तसं छापलं होतं. त्या पायी रात्रीचं जेवण सोडून बसल्या होत्या.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

१. माझं जेवणाआधीचं आणि जेवणानंतरचं ध्येय काय?

२. माझ्या गोळ्यांपैकी कोणत्या गोळीने साखर एकदम उतरू शकते?

३. कोणता आकडा दिसला की तुम्हाला लगेच फोन करायचा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन यांनी साखर उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने ती सहसा उतरत नाही.

## टप्पा २: साखर उतरली तर काय करायचं, ते भात कमी करण्याआधी ठरवा

गोळी तीच ठेवून जेवण कमी केलं, तर साखर खाली येणारच, आणि कधी कधी गरजेपेक्षा खाली. म्हणून ही तयारी आधी.

एका जुलैत कुर्ला आणि सायनच्या मध्ये रुळांवर पाणी भरलं आणि आमची लोकल दीड तास जागची हलली नाही. सकाळी ग्लिमेपिराइड घेतली होती, नाश्ता म्हणून दोन घास पोहे, डबा ऑफिसात एक वाजता उघडायचा. आधी हात थरथरले, मग मानेवर गार घाम आला, समोरच्या बाईंचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायला लागलं. पर्समध्ये चॉकलेट होतं, ते खाल्लं. बराच वेळ काही फरक पडेना. चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते, हे मला नंतर समजलं. तेव्हापासून पर्समध्ये ग्लुकोज पावडरची पुडी असते आणि ती मी दर पावसाळ्यात नवी भरते.

आकडा ७० च्या खाली गेला, किंवा मोजायची सोय नाही पण थरथर, घाम, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड जाणवली, तर:

१. १५ ग्रॅम साखर पोटात घाला. म्हणजे चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून, किंवा साध्या कोल्ड्रिंकचे १५० मिली. ‘डाएट’ लिहिलेलं चालणार नाही.

२. १५ मिनिटं थांबा. त्या वेळात आणखी काही खाऊ नका.

३. पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम.

४. वर आली आणि जेवायला तासाभराहून जास्त वेळ असेल, तर एखादी पोळी किंवा दोन-तीन बिस्किटं खा.

थांबा: गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर घरातली साखर, गूळ किंवा कोल्ड्रिंक लवकर लागू पडत नाही, कारण साखर फोडण्याचं काम ही गोळी अडवून धरते. अशा वेळी ग्लुकोज पावडरच हवी. पाकीट बघा, बऱ्याच एकत्रित गोळ्यांमध्ये हे औषध मिसळलेलं असतं.

माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, कारण त्या वेळी आपल्याला सांगता येणार नाही.

## टप्पा ३: मीटर, स्ट्रिप आणि वही

मुंबईच्या दमट हवेत स्ट्रिप फार लवकर खराब होतात. डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून एक स्ट्रिप काढली की झाकण लगेच दाबून बंद करायचं. ‘रोज उघडझाप नको’ म्हणून पाच-सहा स्ट्रिप काढून औषधांच्या डब्यात ठेवायच्या, ही सवय आधी मोडा. स्वयंपाकाच्या ओट्यावर, खिडकीत किंवा फ्रिजमध्येही ठेवू नका. कपाटाचा खण बरा.

डबी उघडलीत ती तारीख पेनाने डबीवर लिहा. उघडल्यावर किती महिने चालते ते लेबलवर दिलेलं असतं, छापलेली शेवटची तारीख लांबची असली तरी.

मीटर आणि लॅबचा आकडा कधीच तंतोतंत जुळत नाही. १०० आणि त्यावरच्या आकड्यांत मीटरला १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. म्हणजे लॅबमध्ये १६० असेल तर घरी १३६ दिसू शकतं आणि १८४ सुद्धा. मीटर पारखायचं असेल तर ते लॅबमध्ये सोबत न्या आणि उपाशीपोटी रक्त देतात त्याच पाच मिनिटांत बोटाचंही मोजा. जेवणानंतर ही तुलना करू नका. तेव्हा बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच असते.

वहीत पाच रकाने आखा: तारीख, जेवणाआधी, काय आणि किती खाल्लं, दोन तासांनी, फरक. शेवटी थोडी जागा रिकामी ठेवा. तिथे ‘झोप झाली नाही’, ‘सर्दीताप’, ‘गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन’ असं लिहायचं. या तिन्हींनी ताटात काही न बदलता साखर चढते.

तपासा: ग्लुकोज पावडर घरात, पर्समध्ये आणि ऑफिसच्या खणात आहे का? डबीवर तारीख लिहिली का? आमटीची एकच वाटी मापाला ठरवून ठेवली का?

## टप्पा ४: बोट कसं टोचायचं

मे महिन्यात शेजारचे काका मीटर हातात धरूनच घरात शिरले. “अगं, २८७!” घाम फुटलेला, जादा गोळी घेऊ का म्हणून विचारत होते. त्यांच्या बोटांना हापूसचा वास येत होता. नातवासाठी आंबे चिरून दिले होते आणि हात नुसते फडक्याला पुसले होते. साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले आणि दुसऱ्या बोटातून मोजलं. १६४. ती जादा गोळी त्यांनी घेतली असती, तर दुपारी घरात एकटे असताना साखर कुठवर उतरली असती, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

१. साबण आणि कोमट पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. स्पिरिट लावलंत तर ते वाळू द्या.

२. हात खाली सोडून अर्धा मिनिट हलवा.

३. बोटाच्या टोकावर न टोचता बाजूला टोचा. तिथे दुखतंही कमी. रोज बोट बदला.

४. तळहाताकडून टोकाकडे हलकेच चोळा. पिळून थेंब काढू नका.

५. बाहेर हात धुण्याची सोयच नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपा आणि दुसरा घ्या.

६. आकडा लगेच वहीत उतरवा.

सुई एकाच माणसाची, आणि तीही प्रत्येक वेळी नवी. नवरा-बायको दोघंही मधुमेही असले तरी टोचायचं पेन वेगळं ठेवा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असं लिहा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्या. आपला कचरा सकाळी कोणीतरी हाताने वेगळा करतं.

## टप्पा ५: पहिले सात दिवस काहीही बदलू नका

लोकांना सगळ्यात जड जातो तो हाच टप्पा. आठवडाभर नेहमीसारखंच जेवा. चहात साखर घालत असाल तर घाला. आज साखर कुठे आहे हे कळल्याशिवाय उद्याच्या बदलाने काय साधलं ते कसं कळणार?

रोज एका जेवणाची जोडी मोजायची: जेवायला बसण्याआधी एकदा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी दुसऱ्यांदा. हात धुतल्यापासून नाही. गप्पा मारत पाऊण तास जेवलात आणि तिथून दोन तास धरलेत, तर चढाचा मुख्य भाग निघून गेलेला असतो.

- पहिला आणि चौथा दिवस: नाश्ता
- दुसरा आणि पाचवा दिवस: दुपारचं जेवण
- तिसरा आणि सहावा दिवस: रात्रीचं जेवण
- सातवा दिवस: सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपताना

स्ट्रिप लागल्या १४. दोन तासांच्या वेळी लोकलमध्ये असाल तर त्या दिवशीची जोडी सोडून दुसऱ्या दिवशी घ्या. गर्दीत बोट टोचू नका आणि तीन तासांनी मोजून दोन लिहू नका.

उपाशीपोटी म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. ‘फक्त कपभर चहा घेतला’ हे उपाशीपोटी होत नाही. त्या चहात दूध आहे, साखर आहे.

मोजायच्या दिवशी मुद्दाम कमी जेवणं हीही एक नेहमीची चूक. डॉक्टरकडे जायच्या आधी चार दिवस भात बंद आणि नंतर पुन्हा सुरू, असं केलं की वहीत खोटा माणूस दिसतो आणि डॉक्टर त्या खोट्या माणसाला गोळी देतात.

## टप्पा ६: वही वाचा

आठव्या दिवशी शांतपणे बसून फक्त ‘फरक’ या रकान्यावरून बोट फिरवा. मी ५० पर्यंतचा फरक ठीक धरते. ही माझी कामापुरती रेघ आहे. तुमच्या डॉक्टरांनी दुसरी दिली असेल तर तीच धरा.

आधीचा आकडा ठीक, नंतरचा जास्त. ११८ वरून २२०. दोष त्या ताटात आहे. पुढच्या टप्प्यात हेच जेवण घ्यायचं.

आधीचाच आकडा जास्त, फरक थोडा. १९० वरून २२५. इथे नाश्ता अर्धा करून काही साधत नाही. पहाटेच्या सुमारास शरीरातल्या हार्मोन्समुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, म्हणून रात्री न खाताही सकाळचा आकडा वर असू शकतो. रात्री साडेदहाला जेवण, त्यावर चिवडा, पाच तास झोप याचाही हात असतो. पण गोळीचा विचार डॉक्टरांनीच करायचा. ही वही त्यांना दाखवा.

मध्येच ७० च्या आसपास. थांबा. जेवणात काहीही न बदलता आधी डॉक्टरांना फोन करा.

थांबा: आकडे सारखे ३०० च्या वर, खूप तहान, उलट्या, पोटात दुखणं, धाप, ग्लानी: वही बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. ताप आला, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. आजारपणात साखर उलट वाढते.

## टप्पा ७: ताटातली एकच गोष्ट बदला, तीन दिवस

ज्या जेवणाचा फरक सगळ्यात मोठा, ते एकच जेवण घ्या. त्यातली एकच गोष्ट बदला. तेच जेवण तीन दिवस घेऊन तीन जोड्या मोजा. सहा स्ट्रिप. एका दिवसावर भरवसा नको, मीटरचीच १५ टक्क्यांची घसर आहे. आधीच्या १४ आणि या ६ मिळून २० होतात. उरलेल्या पाच अचानक बरं वाटेनासं झालं तर हाताशी राहू द्या.

काय बदलायचं, ते मी या क्रमाने सुचवते, कारण सोपं आधी.

पहिला बदल: खाण्याचा क्रम. पदार्थ तेच, माप तेच. आपल्याकडे पहिला वरणभात वाढला जातो, भुकेच्या वेळी पोटात पहिला जातो तो भात. तो शेवटी न्या. आधी कोशिंबीर, मग भाजी आणि उसळ, मग पोळी, शेवटी भात. भाजी आणि प्रथिनं आधी गेली की पिठूळ अन्नाची साखर रक्तात सावकाश उतरते. माझे सासरे ८१ व्या वर्षी ‘पहिला भात नाही म्हणजे जेवण कसलं’ म्हणून रुसले होते. तीन दिवस कबूल झाले. त्यांची दुपारची साखर २१४ च्या आसपास असायची. १८८, १७६, १८१ आली. भाताचा एक चमचासुद्धा कमी केला नव्हता.

दुसरा बदल: ताटाची वाटणी. अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-मासे-अंडं-पनीर, पाव ताट पोळी किंवा भाकरी किंवा भात. बटाटा, रताळं, मका भाजीत धरायचे नाहीत, ते भाताच्या पाव भागात. बटाट्याची भाजी आणि पोळी म्हणजे पोळीशी पोळी खाल्ल्यासारखं. भाजीत दुधी, पडवळ, तोंडली, गवार, घोसाळी, मेथी, शेपू, कोबी, फरसबी काहीही चालेल. आमटी मात्र घट्ट हवी. पातळ आमटीत डाळ तळाला चमचाभर असते आणि आपण प्रथिनं खाल्ली असं समजतो. मासे खाणाऱ्यांना सोपं आहे, बांगडा किंवा सुरमई तव्यावर कमी तेलात, रव्याचा जाड थर न देता.

तिसरा बदल: माप. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं (पचल्यावर ज्याची साखर होते तो भाग) असतात. २५ ग्रॅम कणकेच्या फुलक्यात १७-१८ ग्रॅम. आणि आता भाकरी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. ‘मी तर ज्वारीच खाते’ म्हणत दोन भाकऱ्या खाल्ल्या जातात. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज लागतं, आणि त्यात ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदकं असतात. एक भाकरी म्हणजे जवळपास तीन फुलके. ज्वारी, बाजरी, नाचणी चांगलीच धान्यं आहेत, तंतू जास्त आहेत, जरूर खा. पण एक किंवा अर्धी, मोजून. नाचणीची पातळ आंबील तर पटकन पचते आणि आकडा भाकरीपेक्षा लवकर चढवते.

चौथा बदल: जेवल्यावर चालणं. १० ते १५ मिनिटं, रमतगमत. पाऊस असेल तर इमारतीच्या पार्किंगमध्ये. साखर चढायच्या वेळेलाच स्नायू ती वापरतात. रात्री जेवून थेट सोफ्यावर बसणाऱ्यांनी हा बदल पहिला घेतला तरी चालेल.

चारही बदल एकदम करायचा मोह होईल. केलेत तर साखर कदाचित छान उतरेल, पण कोणत्या बदलाने ते कळणार नाही, आणि महिन्याभराने चारही सुटतील.

तपासा: साखरेऐवजी गूळ किंवा मध घेत असाल तर वहीत ‘साखर’ असंच लिहा. रक्तात फारसा फरक पडत नाही. ‘शुगर फ्री’ बिस्किटात मैदा किंवा दुसरं पीठ असतंच.

## घराबाहेरचा दिवस

सव्वासातची लोकल पकडणाऱ्याचा नाश्ता साडेसहाला आणि जेवण एक वाजता. मधल्या साडेसहा तासांत तीन चहा आणि स्टेशनवरचा एक वडापाव जातो. मशीनच्या चहात साखर आधीच मिसळलेली असते. साधा दोन चमच्यांचा चहा दिवसाला चार वेळा घेतला, तर ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. चहा बिनसाखरेचा करायला मला तीन आठवडे लागले, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत. एकदम सोडला असता तर चौथ्या दिवशी परत आला असता.

वडापावात पाव आणि बटाटा, दोन्ही पिठूळ, वर तेल. मिळून ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं. कधी खायचाच असेल तर जेवणाऐवजी खा, जेवणाआधी नाही, आणि त्या दिवशी जोडी मोजा. तुमचा स्वतःचा आकडा दिसला की पुढचं तुम्हीच ठरवाल. भूक मारायला बॅगेत भाजलेले चणे, उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे ठेवा. उसाचा रस ‘नैसर्गिक’ असला तरी साखरेचं पाणीच आहे. आंबा खा, पण अर्धा हापूस, चिरून, जेवणाबरोबर नाही, आमरस नको.

डब्यात चार पोळ्या आणि चमचाभर भाजी असेल तर घरी बोला. एक डबा भाजीचा, एक उसळीचा, पोळ्या दोन. ऑफिसात डबा उशिरा उघडणार असेल आणि सकाळी साखर उतरवणारी गोळी घेतली असेल, तर मधलं खाणं चुकवू नका. पावसाळ्यात तर अजिबात नाही.

## उपवास आणि सण

साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४३-४४ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं नावालाच. वर बटाटा. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी ताटभर खिचडी, असा सोमवार माझ्या वहीत २६० पर्यंत गेलेला आहे. त्यापेक्षा भगरीची लहान वाटी, सोबत दाण्याची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक बरं. भगरसुद्धा धान्यासारखीच मोजायची.

गोळ्यांचं उपवासाच्या आदल्या आठवड्यात विचारून ठेवा. साखर उतरवणारी गोळी उपाशीपोटी धोक्याची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणारी नावं असतील, तर लांब उपवासात आणि पाणी कमी पडलं तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखर फारशी चढलेली नसताना. निर्जळी उपवास या गोळ्यांवर करू नका. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर त्या क्षणी उपवास सोडायचा.

गणपतीत मोदक खावासा वाटणारच. खा. त्या जेवणातला भात आणि पोळी सोडा, मोदक एक, आणि तो शेवटी.

## टप्पा ८: पंधराव्या दिवशी

वही घेऊन डॉक्टरकडे जा. मोबाइलमधले सुटे आकडे दाखवू नका, जोड्या दाखवा. ताट बदलल्यावर आकडे खाली आले असतील तर गोळी कमी करायची वेळ आली का, हे विचारा. स्वतः कमी करू नका, अर्धी तोडूनही नाही.

एचबीए१सी दर तीन महिन्यांनी करायला सांगतील, कारण त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ टक्के म्हणजे १८३. पण शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तरी तो फसवतो. आपल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, म्हणून घरची वही आणि एचबीए१सी जुळत नसतील तर ते डॉक्टरांना दाखवून द्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्वाची तपासणीही विचारा, शाकाहारी असाल तर नक्कीच.

खासगीत खर्च झेपत नसेल तर महापालिकेच्या दवाखान्यात जा. साखरेची तपासणी तिथे होते, आणि केईएम, नायर, सायनसारख्या मोठ्या रुग्णालयांत मधुमेहाचे रुग्ण बघितले जातात. रांग लांब असते, सकाळी लवकर जा. उपाशीपोटी तपासणीसाठी जाणार असाल तर साखर उतरवणारी गोळी सोबत ठेवा, आधी घेऊ नका, आणि खायचा डबा पिशवीत असू द्या.

मग पुढच्या पंधरवड्याला वहीतलं दुसरं मोठा फरक असलेलं जेवण निवडा, नवी डबी आणा आणि तिच्यावर तारीख लिहा.